नर वेली गेल्या कुठे?

फेब्रुवारी उजाडला की नाशिक फाट्यापासून भोसरी, मोशी, चाकणपर्यंत महामार्गाच्या कडेला द्राक्षांचे टेम्पो आणि हातगाड्या दिसू लागतात. काळा माल बहुतेक जुन्नर-नारायणगावकडचा. शिफ्ट सुटलेली माणसं गाडी बाजूला घेतात, एक मणी तोंडात टाकून गोडी पाहतात, भावात दहा-वीस रुपये ओढून धरतात आणि किलोभर पिशवीत टाकून निघतात. चाकणचा स्वतःचा लौकिक कांद्याचा. द्राक्षबाग पाहायची तर राजगुरुनगर, मंचर ओलांडून पुढे जावं लागतं. तिथे एकरात आठशे-नऊशे वेली आणि झाडून साऱ्या वेलींना घड. एखादी रिकामी निघालीच तर बागायतदार छाटणीची तारीख आठवतो, डोळे नीट फुटले नाहीत म्हणतो, उन्हाळ्यात सूक्ष्म घडनिर्मितीच झाली नसेल म्हणतो. ती वेल नर असेल, ही शंका त्याच्या मनाला शिवत नाही. शिवायचं कारणही नाही.

पपई लावणाऱ्याच्या मनात मात्र ही शंका पहिल्या दिवसापासून असते. सोसायटीच्या आवारात आपोआप उगवलेल्या पपईला लांब देठांवर लोंबणारी फुलांची झुंबरं आली की कुणीतरी जाणकार आजी ‘नर आहे, काढून टाका’ म्हणून निकाल देऊन मोकळी होते. करटुलीचंही तसंच. पावसाळ्यात खेड-आंबेगावच्या डोंगरांतून खाली येणारी ही रानभाजी हल्ली काही जण शेतात लावतात, तेव्हा आठ-दहा मादी वेलींमागे एक नर वेल राखावी लागते. ती राखली नाही तर मांडव नुसता हिरवागार, करटुली नाहीत. तोंडलीतही नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी असते.

द्राक्षाची वेल मुळात याच जातकुळीतली आहे. युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिका मिळून रानद्राक्षांच्या साठ-सत्तर जाती आहेत आणि त्या सगळ्यांत नर आणि मादी वेली वेगळ्या. ऱ्हाइन नदीच्या काठी, कॉकेशसच्या जंगलात किंवा टेक्सासच्या माळावर झाडावर चढलेली रानवेल पाहिली तर साधारण निम्म्या वेळा ती नर निघते, तिला जन्मात कधी फळ लागत नाही. मग आपल्या बागांमधून या नर वेली गेल्या कुठे? याचं उत्तर गेल्या दहा-पंधरा वर्षांत जनुकांच्या पातळीवर बरंच स्पष्ट झालं आहे. ते वाचताना मला सारखं असं वाटत राहिलं, की द्राक्षशेतीचा सगळा इतिहास म्हणजे एका चिमुकल्या जनुकीय अपघाताला माणसाने हजारो वर्षं काडीकाडीने जपल्याची गोष्ट आहे.

थोडं विषयांतर करतो, कारण मुद्दा आपल्या मातीचा आहे. सह्याद्रीत खऱ्या अर्थाने द्राक्षाच्या वंशातली वेल नाही. पण द्राक्षकुळातली भावंडं भरपूर आहेत. मोडलेल्या हाडावर बांधायची चौधारी हाडसांधी याच कुळातली, पावसाळ्यात मोठमोठी पानं घेऊन उगवणारा दिंडाही याच कुळातला. आणि द्राक्षकुळातल्या सर्वांत जुन्या ज्ञात जीवाश्मांचा मान दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांकडे जातो. मध्य भारतात या थरांच्या मधल्या खडकांत सापडलेल्या, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या फळांचं आणि बियांचं वर्णन स्टीव्हन मँचेस्टर, दशरथ कापगते आणि जून वेन यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलं. नाव ठेवलं ‘इंडोव्हायटिस चितळेयी’, नागपूरला जीवाश्म वनस्पतींवर काम केलेल्या श्यामला चितळे यांच्या सन्मानार्थ. म्हणजे डायनासोर होते तेव्हाही या भूमीवर द्राक्षाचे दूरचे नातलग फळत होते. आजच्या नारायणगावच्या वेलींचा त्यांच्याशी थेट संबंध नाही. या वेली पश्चिम आशियातून माणसाबरोबर आल्या.

आता फुलाकडे येऊ. आपल्याकडे द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी फळासाठी. गोडी छाटणीनंतर डोळे फुगतात, पोंगे फुटतात, कोवळ्या फुटीवर घड दिसतो आणि पाच-सहा आठवड्यांत बाग फुलोऱ्यात येते. हा फुलोरा कुणाच्या नजरेत भरत नाही. फूल बाजरीच्या दाण्याएवढं, हिरवट. मात्र भिंगातून पाहिलं तर त्याची तऱ्हा न्यारी आहे. पाच पाकळ्या शेंड्याला एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्या वरून उमलत नाहीत, बुडापासून सुटतात आणि टोपीसारख्या एकत्रच गळून पडतात. टोपी पडली की आतले पाच पुंकेसर ताठ उभे राहतात आणि मधोमध सुरईसारखा स्त्रीकेसर. परागकण तिथल्या तिथे पडतात, किंवा वारा ते शेजारच्या फुलावर नेतो, आणि काम होतं. नर-मादी दोन्ही भाग एकाच फुलात, दोन्ही कामाचे. मांडवाखाली उभं राहिलं तर या दिवसांत मंद गोडसर वास येतो. बागायतदाराचा जीव तेव्हा टांगणीला असतो, कारण नेमका त्याच वेळी पाऊस आला तर फुलं कुजतात, घड गळतात आणि केवडा (डाउनी मिल्ड्यू) हा बुरशीचा रोग पसरतो.

रानवेलीत हेच फूल दोन तऱ्हांनी अर्धं राहतं. नर फुलात पुंकेसर ताठ, लांब, परागांनी भरलेले. मध्ये स्त्रीकेसराच्या जागी नुसता एक ठिपका. मादी फुलात स्त्रीकेसर भरदार आणि पुंकेसरही असतात, पण आखूड आणि मागे वळलेले. त्यांच्यात परागही तयार होतात. पण ते वांझ. परागकणाच्या कवचाला बारीक छिद्रं असावी लागतात. त्यातूनच परागनलिका बाहेर पडून बीजांडापर्यंत पोचते. मादी द्राक्षवेलीच्या परागकणांना ही छिद्रंच नसतात. आत सगळा ऐवज आहे, बाहेर पडायला वाट नाही.

हे असं का होतं, हे कळायला जनुकसंच वाचता यावा लागला. द्राक्षाचा जनुकसंच २००७ साली फ्रान्स आणि इटलीच्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. फळपिकांमध्ये तो पहिला. द्राक्षाच्या पेशीत गुणसूत्रांच्या १९ जोड्या असतात आणि डीएनएची सगळी अक्षरं मिळून जवळपास ५० कोटी होतात. फुलाचं लिंग ठरतं ते यातल्या दुसऱ्या गुणसूत्रावरच्या जेमतेम दीड लाख अक्षरांच्या पट्ट्यात. माणसात त्यासाठी आख्खं वाय गुणसूत्र खर्ची पडलंय. द्राक्षाने एका छोट्या कोपऱ्यात भागवलं आहे. गंमत म्हणजे युरोपातली, अमेरिकेतली, चीनमधली कुठलीही रानद्राक्षं घेतली तरी लिंग ठरवणारा पट्टा हाच. या जाती एकमेकींपासून दूर जाण्याआधीच ही व्यवस्था बसलेली होती.

या पट्ट्याच्या तीन प्रती द्राक्षांत फिरतात. आपण त्यांना नरप्रत, मादीप्रत आणि उभयप्रत म्हणू. प्रत्येक वेलीत आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती असतात. दोन्ही मादीप्रती आल्या तर वेल मादी. एक जरी नरप्रत आली तरी वेल नर, जोडीला दुसरी कुठलीही असो. उभयप्रत नरप्रतीपुढे झुकते पण मादीप्रतीवर चढते. म्हणून दोन उभयप्रती किंवा एक उभय आणि एक मादी अशी जोडी असलेल्या वेलीची फुलं पूर्ण असतात. आपण खातो ती सगळी द्राक्षं या शेवटच्या गटातली.

प्रत्यक्ष फरक कुठे आहे? २०२० साली अमेरिकेतल्या आणि फ्रान्समधल्या संशोधकांच्या दोन गटांनी रानटी आणि लागवडीच्या वेलींचे हे पट्टे अक्षर न् अक्षर लावून पाहिले. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या गटाचं बोट ‘आयएनपी-१’ या जनुकावर गेलं. परागकणाला छिद्रं पाडण्याचं काम याचं. मादीप्रतीत या जनुकातली आठ अक्षरं गळालेली आहेत. ५० कोटींतली आठ! तेवढ्याने प्रथिन अर्धवट बनतं, छिद्रं पडत नाहीत आणि पराग वांझ होतात. नरप्रतीत हे जनुक धड आहे. पण तिच्यात दुसरीकडे असा बदल आहे की स्त्रीकेसराची वाढ दाबली जाते. त्यासाठी मुख्य संशय ‘याब्बी-३’ नावाच्या जनुकावर आहे. थोडक्यात, मादीप्रतीत पुरुषत्व बिघडवणारी खोट आणि नरप्रतीत स्त्रीत्व दाबणारा हुकूम.

या दोन गोष्टी एकाच पट्ट्यात, एकमेकींपासून फार दूर नाहीत, आणि पिढ्यानपिढ्या एकत्रच पुढे जातात. चाकणच्या कारखान्यात जसं दोन सुटे भाग एकाच सीलबंद किटमध्ये येतात, या किटमधला नट त्या किटमधल्या बोल्टला लावायची मुभा लाइनवर कुणाला नसते, तसं. एरवी गुणसूत्रांच्या जोड्या बीजपेशी तयार होताना आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. या पट्ट्यात ती जवळजवळ बंद असते. बंद असण्यातच रानवेलीचं हित आहे. अदलाबदल झाली तर दोन्ही भाग बिघडलेली, ना नर ना मादी अशी प्रतही तयार होऊ शकते.

पण ‘जवळजवळ बंद’ म्हणजे पूर्ण बंद नव्हे. कधीतरी, कुठल्यातरी नर वेलीत नरप्रत आणि मादीप्रत यांच्यात नेमक्या त्या पट्ट्याच्या पोटात अदलाबदल झाली. एका टोकाला परागांना छिद्रं पाडणारं नराचं धड जनुक आलं, दुसऱ्या टोकाला स्त्रीकेसर वाढू देणारा मादीचा तुकडा आला. हीच उभयप्रत. तिचे अक्षरक्रम तपासले तर एका बाजूला ते नरप्रतीशी जुळतात आणि दुसऱ्या बाजूला मादीप्रतीशी. जोड कुठे बसलाय तेसुद्धा दिसतं. २०२१ साली पाचशेहून जास्त रानटी आणि लागवडीच्या वेलींचा हा पट्टा तपासणाऱ्या अभ्यासात अशा उभयप्रती एकाहून अधिक वेळा, स्वतंत्रपणे तयार झाल्याचं आढळलं. जगभरच्या लागवडीच्या हजारो वाणांच्या पूर्ण फुलांचं मूळ अशा मोजक्या घटनांपाशी येऊन थांबतं.

आता वैविध्याचा हिशेब मांडू. रानात नर आणि मादी निम्मे-निम्मे धरा. शंभर नर, शंभर मादी. प्रत्येक नराकडे एक नरप्रत आणि एक मादीप्रत. प्रत्येक मादीकडे दोन्ही मादीप्रती. एकूण चारशे प्रतींपैकी नरप्रती शंभर, मादीप्रती तीनशे. म्हणजे जंगल जसंच्या तसं असतानाही नरप्रती मादीप्रतींच्या एक तृतीयांशच. संख्या कमी, त्यात अदलाबदल नाही, म्हणून नरप्रतीत मुळातच वैविध्य थोडं. मादीप्रती मात्र आपसांत अदलाबदल करू शकतात, कारण मादी वेलीत दोन्ही प्रती सारख्याच असतात. त्यामुळे तिथे भेद टिकतात, वाढतात. माणूस मध्ये पडला तेव्हा त्याने या आधीच अरुंद असलेल्या वाटेवर आणखी एक चिंचोळी खिंड आणून ठेवली: हजारो नरप्रतींमधून फक्त त्या एक-दोन, ज्यांचा अपघाताने उभयप्रतीत बदल झाला होता, त्या पुढे गेल्या. बाकी नरप्रती बागेच्या कुंपणाबाहेर राहिल्या. लागवडीच्या द्राक्षात बाकीच्या जनुकसंचात अजून बऱ्यापैकी वैविध्य आहे, कारण वेली पश्चिमेकडे सरकताना ठिकठिकाणच्या रानवेलींशी त्यांचा संकर होत राहिला. लिंगाच्या पट्ट्यात मात्र ही मिसळ फार चालली नाही. शेजारच्या रानवेलीची नरप्रत बागेत शिरली तर त्या रोपाला फळच येणार नाही, आणि फळ न देणारं रोप कोण ठेवतो?

हे निवडणारे लोक कोण होते? २०२३ साली ३,५०० हून अधिक रानटी आणि लागवडीच्या वेलींच्या जनुकसंचांवरून पश्चिम आशिया आणि कॉकेशस अशा दोन ठिकाणी, साधारण ११ हजार वर्षांपूर्वी, द्राक्ष माणसाळवलं गेलं असा निष्कर्ष मांडला गेला. जॉर्जियात सापडलेल्या सुमारे ८ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत द्राक्षाच्या वाइनचे रासायनिक अंश मिळाले आहेत. त्या काळच्या माणसाला जनुक वगैरे ठाऊक असण्याचं कारण नाही. त्याला एवढंच दिसत असणार की झाडावर चढलेल्या या वेली काही फळतात, काही फळत नाहीत. फळणारी तोडून आणून घराजवळ एकटी लावली तर तीही रुसते. पण एखादी अशी सापडते की कुठेही लावा, घड हजर. त्याने तिची काडी कापली आणि लावली. शेजाऱ्याने त्याच्याकडून मागून नेली. बीपासून वाढवली असती तर गुण विखुरले असते. काडीने लावली म्हणून जशीच्या तशी राहिली.

काडीच्याच वाटेने ती दख्खनला आली. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला तेव्हा तिथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात, हे त्याने आवर्जून लिहून ठेवलं. पुण्यात गणेशखिंडच्या फळसंशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी पांढरी साहेबी या जुन्या वाणाच्या मुक्त परागीभवनातून आलेल्या रोपांमधून ‘चीमा साहेबी’ निवडली. नंतर थॉमसन सीडलेस आली आणि तिने बाकी सगळ्यांना मागे सारलं. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या बागेतून वेगळी दिसणारी वेल निवडली, ती ‘तास-ए-गणेश’. सोलापूरजवळ नान्नजच्या नानासाहेब काळे यांच्या बागेत ‘सोनाका’ आणि काळी ‘शरद सीडलेस’ मिळाली. तास-ए-गणेशपासूनचे हे सगळे एखाद्या वेलीच्या एखाद्या डोळ्यात आपोआप झालेले बदल आहेत. मण्याची लांबी बदलली, रंग बदलला, गोडी बदलली; लिंगाचा पट्टा मूळ वेलीत होता तोच. महाराष्ट्रातल्या लाखो एकरांतल्या वेली या दृष्टीने मोजक्या घरांतल्या.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मी शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकलाय: बिनबियांचं द्राक्ष म्हणजे लिंगच नसलेलं, परागांशिवाय धरलेलं द्राक्ष. तसं नाही. थॉमसनमध्ये परागीभवन होतं, फलनही होतं, बी धरायला सुरुवातही होते. मग काही दिवसांत तिची वाढ खुंटते आणि मण्यात एक मऊ, दाताला न जाणवणारा अंश उरतो. हे ठरवणारं जनुक अठराव्या गुणसूत्रावर आहे, लिंगाच्या पट्ट्याशी त्याचा काही संबंध नाही. बी वाढली नाही की मणी लहान राहतो, कारण मणी फुगवणारी संप्रेरकं बहुतांशी बीकडून येतात. म्हणूनच बागायतदार जीएच्या (जिबरेलिक अॅसिड या संप्रेरकाच्या) द्रावणात घड बुडवतो. फूल मात्र पूर्ण लागतंच.

मादीप्रत बागेतून गेलेली नाही, ती लपून आहे. नाशिककडच्या वाइनरींना द्राक्षं पुरवणाऱ्या बागांत कॅबरने सॉव्हिन्यों लावतात. त्या वेलीत एक उभयप्रत आणि एक मादीप्रत आहे. काडीने लावता तोवर काही कळत नाही. तिच्याच परागांनी धरलेल्या बिया रुजवल्या तर मात्र चारातलं एक रोप मादी निघतं. काही ठिकाणी तर मादी वाण आजही उघडपणे लागवडीत आहेत. इटलीत मोडेनाजवळचं लाम्ब्रुस्को दि सोर्बारा हे त्यातलं प्रसिद्ध. त्याचे पराग वांझ, म्हणून मधे मधे लाम्ब्रुस्को सालामिनोच्या ओळी लावतात. हवा बिघडली की मणी सेटिंग विस्कटतं, घड विरळ राहतो, मण्यांत लहान-मोठेपणा येतो. आपल्या बागायतदाराने असा वाण वर्षभरात उपटून टाकला असता. तिथे याच वाणाच्या वाइनला किंमत मिळते.

पैदासकाराला मादी वाण हवेसे वाटतात, तेही एका वेगळ्या कारणाने. संकर करायचा तर आई म्हणून निवडलेल्या फुलातले पाचही पुंकेसर टोपी पडण्याआधी चिमट्याने काढावे लागतात. फूल बाजरीच्या दाण्याएवढं आणि एका घडात शेकडो. आई मादी असली तर ही सगळी कटकट वाचते. पिशवी बांधा, पराग फिरवा, झालं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत ‘पुसा नवरंग’ तयार झाली ती मादलेन आंजव्हीन या फ्रेंच मादी वाणावर रुबिरेडचे पराग टाकून. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथे पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्या संकरातून ‘मांजरी मेडिका’ हा रसासाठीचा, गडद रंगाचा वाण निघाला. आता हिशेब पाहा. मादलेनकडे मादीप्रतीच होत्या, म्हणून पुसा नवरंगमध्ये एक मादीप्रत असणारच. नवरंगची फुलं पूर्ण आहेत, म्हणून दुसरी प्रत रुबिरेडची उभयप्रत. मेडिकाच्या वाट्याला नवरंगकडून यातली एकच आली, मादीप्रत येण्याची शक्यता निम्मी. एका फ्रेंच आजीची खूण हडपसरच्या पलीकडच्या बागेत असेल किंवा नसेल.

पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेच्या ‘एआरआय-५१६’ची वंशावळ याहून लांबची. कॅटॉबा हा अमेरिकी वाण आणि ब्यूटी सीडलेस यांचा हा संकर. बुरशीजन्य रोगांना तुलनेने दाद न देणारा, रसाला, मनुक्यांना आणि जॅमला चालणारा. कॅटॉबा अमेरिकेच्या रानद्राक्षातून आलेला; मग त्याची फुलं पूर्ण कशी? जनुकीय तपासणीत कळलं की त्याच्या पूर्वजांत फ्रान्सचा सेमिलों आहे. वसाहतवाल्यांनी नेलेल्या युरोपीय वेलीचे पराग कुठल्यातरी अमेरिकी रानवेलीवर पडले असणार आणि त्याबरोबर उभयप्रत पोचली असणार. पश्चिम आशियातून फ्रान्स, फ्रान्समधून अमेरिका आणि तिथून पुणे, असा हा फेरा.

फुलाचं लिंग केवळ अक्षरांवर संपत नाही, हेही सांगितलं पाहिजे. १९६६ साली एस. एस. नेगी आणि एच. पी. ओल्मो यांनी नर द्राक्षवेलीच्या कळ्यांना सायटोकायनिन गटातलं संप्रेरक लावलं तेव्हा त्या नर फुलांत स्त्रीकेसर वाढला आणि त्यांना फळं धरली. नर वेलीवर द्राक्षं! पुढे लिंगाच्या पट्ट्यात सायटोकायनिनच्या उलाढालीशी संबंधित एक जनुक सापडलं, तेव्हा या जुन्या प्रयोगाकडे लोकांनी पुन्हा वळून पाहिलं. आपल्या बागायतदारांच्या औषधाच्या खोलीत ‘सिक्स-बीए’ची बाटली असते, ती याच गटातली, तो ती मण्याच्या फुगवणीसाठी वापरतो.

काडीने लावण्याची किंमत रोगाच्या रूपाने चुकवावी लागते. सगळ्या वेली सारख्या, तर एकीवर केवडा चढला की सगळ्यांवर चढतो. द्राक्षबागेत फवारण्यांचा जो रतीब असतो त्याचं एक मोठं कारण हे आहे. यात पिंपरीचाही वाटा आहे: हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत १९६०च्या दशकात एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटाने ‘ऑरिओफंगिन’ हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधलं आणि ते द्राक्षावरच्या रोगांसाठीही वापरात आलं. माणसांसाठी पेनिसिलिन करणाऱ्या कारखान्यातून वेलींसाठीही औषध निघालं, हे पिंपरीतल्या फार थोड्यांना माहीत असेल.

रोगाखेरीज दुसरा प्रश्न पाणी आणि क्षार यांचा; तो महाराष्ट्राने वेगळ्या वाटेने सोडवला. नव्वदच्या दशकापासून बागायतदार वेली स्वतःच्या मुळांवर न लावता खुंटावर कलम करून लावू लागले. सर्वांत चालला तो ‘डॉगरिज’, टेक्सासची रानवेल. नंतर ११० आर, ११०३ पॉलसन हेही आले. यातल्या ११०३ पॉलसनचा बाप ‘रुपेस्ट्रिस दु लो’ नावाची अमेरिकी नर वेल आहे. फ्रान्समध्ये फिलॉक्सेरा किडीने बागा फस्त केल्या तेव्हा तिच्या आणि ‘रिपारिया ग्ल्वार’ या दुसऱ्या नर वेलीच्या मुळांवर कलमं करून तिथल्या बागायतदारांनी शेती वाचवली. खुंटाला घड लागायची गरज नाही; त्याची काडी रुजली, मुळं खोल गेली आणि वरच्या वाणाशी जोड जमला की त्याचं काम झालं. त्याच्यावर फूल येऊच देत नाहीत, फुटवा दिसला की कात्रीने काढतात. रानातून आलेले नर आपल्याकडच्या मांडवाखाली असे गुडघ्याच्या खाली राबताहेत.

पण केवड्याला दाद न देणारं फळ हवं असेल तर रानवेलीची जनुकं वर, घडापर्यंतही आणावी लागतात, आणि तिथे तीन प्रतींचा सगळा खेळ पुन्हा सुरू होतो. प्रतिकारक्षम नर रानवेलीचे पराग दोन उभयप्रती असलेल्या वाणावर टाकले तर निम्मी रोपं नर निघतात. तोच वाण एक उभय, एक मादी असा असला तर निम्मी नर, पाव मादी आणि पूर्ण फुलांची उरतात ती फक्त पाव. रोप फुलोऱ्यात यायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर त्याला पाणी, खत, मांडव सगळं पुरवायचं आणि मग नर म्हणून उपटायचं, हे परवडणारं नाही. आता कोवळ्या रोपाचं एक पान तपासून दुसऱ्या गुणसूत्रावर कुठल्या दोन प्रती आहेत हे वाफ्यातच ओळखता येतं. नर निघालेली रोपं तिथेच बाजूला काढतात. पैदास खुंटासाठी चालली असेल तर मात्र कुणी ही तपासणी करण्याच्या फंदात पडत नाही.